दत्तूचं वय

झाशी, खंडेराव गेट
९ सप्टेंबर १९७४

चि. सरलास,
अनेक आशीर्वाद.

तू पुण्याला गेल्यापासून दर पत्रात दोनच गोष्टी विचारतेस, दत्तू जेवतो का आणि दत्तू रडतो का. तर जेवतो, आणि दोन माणसांचं जेवतो. पहिले आठ दिवस रडला, आता नाव काढत नाही. मामी त्याची आहेच, आणि मामा तर चोवीस तास.

आता खरी बातमी ऐक. गावातल्या आठ क्लबांनी मिळून दहा वर्षांखालच्या मुलांची फुटबॉल स्पर्धा ठेवली आहे. सात-सात गडी, लहान मैदान, लहान चेंडू. आपल्या खंडेराव बाल संघाने काल पहिला सामना जिंकला. दोन गोल, आणि दोन्ही तुझ्या चिरंजीवांचे! पहिला तर असा, की गोलीच्या पायांमधून. दुसऱ्याच्या आधी पोरं एकमेकांवर आदळली, याला थोडं खरचटलं, पण पठ्ठ्या उठला आणि तसाच धावत जाऊन त्याने गोल मारला. लोक उभे राहिले, सरला. मला माझे दिवस आठवले.

आता पंधरा तारखेला उपांत्य आणि एकोणतीसला अंतिम सामना. दुसऱ्या बाजूने कोण येणार ते सांगायला नकोच. भीमराव. आपला क्लब फोडून चार वर्षांपूर्वी स्टेशनपलीकडे सीपरीत जाऊन बसला, आणि तिथे रेल्वेवाल्यांची पोरं जमवून मला धडे शिकवतो आहे. या वर्षी त्याला दाखवतो.

तू कोर्स मन लावून पुरा कर. दत्तूचे बाबा गेल्यापासून तू एकटीने ओढलंस, आता हे वर्ष आमच्यावर टाक. खाली दत्तू लिहितो आहे.

तुझा,
श्रीकृष्णदादा

आई, मामांनी मला पेढा दिला और कंधे पर बिठाया. दुसरा गोल मला आठवत नाही पण सगळे म्हणतात मीच मारला. तू कधी येणार? — दत्तू


पुणे, नर्सेस होस्टेल
१२ सप्टेंबर

ती. दादास,
शि. सा. नमस्कार.

पत्र वाचून आधी हसले, मग होस्टेलभर दाखवत हिंडले. माझ्या खोलीतल्या मुली दत्तूला आता ‘दोन गोलवाला’ म्हणतात.

पण एक गोष्ट टोचते आहे. दुसरा गोल आठवत नाही म्हणजे काय? पोरगं असल्या गोष्टी विसरत नाही. गेल्या वर्षी एरचला नदीवर गेलो होतो, तर कुणाची चप्पल वाहून गेली तेसुद्धा त्याला अजून आठवतं. आणि तू लिहितोस, पोरं आदळली आणि ‘थोडं खरचटलं’. कुठे खरचटलं? नुसतं एका शब्दात कळव. माझा पेशाच असा झाला आहे, की मनात नको ते आधी येतं.

दत्तू, राजा, मी मेच्या सुट्टीत येणार आहे. तोवर मामींना त्रास देऊ नकोस. मराठीत लिहायचा प्रयत्न करतोस, छान वाटतं.

तुझी,
सरला


झाशी
१७ सप्टेंबर

चि. सरलास,
आशीर्वाद.

खरचटलं ते गुडघ्याला. झालं समाधान? नर्स झालीस म्हणून प्रत्येक पोर पेशंट दिसायला लागलं तर कठीण आहे. गोल आठवत नाही म्हणतो, कारण मीच त्याला शिकवलं आहे की आपल्या तोंडाने आपली बढाई सांगू नये.

परवा उपांत्य सामना जिंकलो, एक-शून्य. पण चिरंजीव काही चमकले नाहीत. समोर गोल मोकळा, चेंडू पायात, आणि हा उभा! मी बाहेरून ओरडतो आहे, “मार, दत्तू, मार!” आणि हा माझ्याकडे बघतो आहे. शेवटी दुसऱ्या पोराने येऊन मारला. घरी आल्यावर मी चार शब्द सुनावले. थोडी हवा डोक्यात गेली आहे. शाळेतून आला की दप्तर टाकतो आणि आडवा होतो. सकाळी अभ्यासाला बसवलं की डोकं दुखतं म्हणतो. दोनदा तर उलटीही करून दाखवली. अभ्यास टाळायच्या या युक्त्या आपणही केल्या आहेत.

अंतिम सामना भीमरावाशीच, नक्की झालं. घरी गणपती बसतील, त्याच गडबडीत रोज सकाळी सराव. मी कचेरीत तासभर उशिरा जाण्याची परवानगी काढली आहे.

श्रीकृष्ण

आई मी ठीक आहे. मामांनी सांगितलं तेच लिहितो. मी ठीक आहे.


पुणे
२० सप्टेंबर

ती. दादास,

नमस्कार. हे पत्र वहिनींसमोर मोठ्याने वाच.

दत्तूच्या तीन ओळी मी दहा वेळा पाहिल्या. त्याचं अक्षर मला माहीत आहे, मीच गिरवून घेतलं आहे. पहिल्या पत्रात ओळ सरळ होती. या पत्रात ती उतरत उतरत कागदाच्या कडेवरून खाली गेली आहे, आणि ‘ठीक’ मधला ठ दोन ठिकाणी फुटला आहे. अभ्यास टाळणारं पोर सकाळी उठल्याउठल्या उलटी करत नाही. सकाळची उलटी, डोकेदुखी आणि झोप, ही तिन्ही एकत्र आली की आम्हाला वॉर्डात एकच प्रश्न विचारायला शिकवतात. तोच तुला विचारते. त्या पहिल्या सामन्यात त्याच्या डोक्याला मार लागला होता का?

आमच्याकडे गेल्या महिन्यात एक गवंडी आला होता. परांचीवरून पडला, उठला, कपडे झाडून कामाला लागला. तीन आठवडे हिंडत-फिरत होता. घरचे म्हणायचे, आळशी झाला आहे, दिवसभर झोपतो. आत रक्त थेंबथेंब साठत होतं. आला तेव्हा बोलत आला, आणि दुसऱ्या दिवशी गेला.

दादा, मी घाबरवण्यासाठी लिहीत नाही, मीच घाबरले आहे. हे पत्र हातात पडेल त्या दिवशी त्याला मोठ्या इस्पितळात ने. धावणं, उड्या, चेंडू, सगळं बंद. आणि मला खरं कळव. मार लागला असेल तर मी तुला एक शब्द बोलणार नाही, शपथ घेते.

सरला


झाशी
२४ सप्टेंबर

चि. सरलास,

तुझं पत्र वाचलं. अंबिकेसमोर वाचलं नाही, तिला हाय खायची सवय आहे.

खरं विचारतेस तर सांगतो. हो, दोन पोरांची डोकी आपटली. दत्तू पडला. तोंडावर पाणी मारेपर्यंत डोळे मिटून होता, म्हणजे पाव मिनिट, फार तर अर्धं. मग उठला, मला म्हणाला, “मामा, मी खेळतो,” आणि खेळला. गोल मारला! ज्याच्या डोक्यात काही बिघडलं आहे तो गोल मारेल का, तूच सांग. तुला कळवलं नाही, कारण तू परीक्षा सोडून धावत आली असतीस.

गेटाजवळच्या कंपाउंडरला दाखवलं. त्याने जीभ पाहिली, नाडी पाहिली, टॉनिक दिलं आणि म्हणाला, अशक्तपणा आहे. गवंडी माडीवरून पडतो, आपलं पोर गवतावर पडलं. दोन्ही एक कसं?

ऐक, सरला. रविवारी चार वाजता सामना. सोमवारी सकाळी मी स्वतः कचेरी बुडवून त्याला इस्पितळात नेतो. देवासमोर सांगतो आहे. मधे फक्त पाच दिवस. सरावाला पळवत नाही, बाजूला बसवतो. पण रविवारी तो मैदानात हवा. नुसता उभा राहिला तरी त्या सीपरीच्या पोरांना धडकी भरते. या सात पोरांनी दोन महिने घाम गाळला आहे, मी त्यांना काय सांगू?

श्रीकृष्ण

(पाकिटाच्या आतल्या बाजूला, पेन्सिलने)

वन्सं, हे पत्र चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून लिहिते. काल आरतीला दत्तूच्या डाव्या हातातून झांज दोनदा पडली. उंबऱ्याला डावा पाय अडखळतो. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, लक्ष नसतं त्याचं. मला बोलता येत नाही हो. तुम्ही काहीतरी करा. — अंबिका


पुणे तार ऑफिस, २७ सप्टेंबर, दुपार

श्रीकृष्ण, खंडेराव गेट, झाशी.
दत्तूला खेळवू नको. आजच इस्पितळ. सरला.

भीमराव, पार्सल ऑफिस, झाशी स्टेशन.
दत्तात्रेय अकरा वर्षांचा. आई म्हणून लिहून देते. सामन्याआधी हरकत घ्या. सोमवारी सकाळी पोचते. सरला.


पुणे
२७ सप्टेंबर, संध्याकाळ

श्री. भीमराव यांस,
सप्रेम नमस्कार.

तार तुम्हाला उद्या मिळेल, आणि हे पत्र सामना होऊन गेल्यावर. खरं काय ते मी पत्रात लिहिते आहे, कारण तेव्हा ते कळून काही बिघडणार नाही.

दत्तू नऊ वर्षांचा आहे. मी तारेत खोटं लिहिलं.

आठ तारखेच्या सामन्यात त्याच्या डोक्याला मार बसला. आता त्याचा डावा हात आणि डावा पाय कमी पडतो आहे. आत रक्त साकळलं असावं अशी माझी जवळजवळ खात्री आहे. आणखी एक धक्का लागला, नुसतं डोक्याने चेंडू मारायला गेला, तरी तो मैदानावरून उठणार नाही. दादाला मी तार केली आहे. पण मी त्याला ओळखते, तो ती खिशात घालून मैदानावर जाईल.

तुम्हाला वाटेल, मग मला खरंच का नाही कळवलं? भीमराव, तुम्ही म्हणाला असता, ‘या पोराला बरं नाही, खेळवू नका’, तर दादा तुमच्या तोंडावर हसला असता. तुम्ही जिंकण्यासाठी डाव टाकता असं सगळ्यांना वाटलं असतं. आजारी पोराला बसवायचा नियम नाही. जास्त वयाच्या पोराला काढायचा आहे, आणि आईने लिहून दिल्यावर पंचांना दुसरा मार्ग उरत नाही. माझी सुट्टी उद्या संध्याकाळपासून. मुंबईवरून येते, किती पळाले तरी सोमवार सकाळ होते. दुसरं कुणी मला सुचलं नाही. माझं ऐकण्यात ज्यांचा फायदा आहे असे झाशीत तुम्हीच होता.

तुमच्या हातून खोटं करवलं. जमलं तर माफ करा.

सरला


झाशी
रविवार, २९ सप्टेंबर

सरला,

आशीर्वाद लिहीत नाही. आज हात वळत नाही.

तुझी तार काल मिळाली. हो, खिशात ठेवली. सोमवारचा शब्द दिला होता तो पाळणार होतो. पण तू माझ्या पाठीत सुरा खुपसशील, आणि तोही त्या माणसाच्या हातून, हे मनात आलं नव्हतं.

काय झालं ते ऐक, तुझ्यामुळे झालं म्हणून तुला ऐकलंच पाहिजे. पोरं रांगेत उभी. तीन-चारशे लोक. शिटी वाजणार, इतक्यात भीमराव तार घेऊन कमिटीच्या टेबलाशी गेला. गोपाळराव कमिटीचे अध्यक्ष, त्यांनी चष्मा लावला, वाचलं, परत वाचलं आणि मला बोलावलं. म्हणाले, “श्रीकृष्णजी, ही आपल्या बहिणीची तार आहे का?” मी काय सांगू? मी म्हटलं, खोटं आहे. ते म्हणाले, “आई खोटं बोलेल?”

दत्तूला टेबलापुढे उभा केला. गोपाळराव चांगलं बोलत होते, “बेटा, उमर कितनी है?” तो म्हणाला, “नौ.” ते म्हणाले, तुझी आई म्हणते अकरा. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “आई म्हणते मी नऊचा आहे. आईनेच सांगितलं आहे.” मागून कुणीतरी ओरडलं, चोर! सरला, नऊ वर्षांच्या पोराला चोर.

आधीच्या दोन सामन्यांत खेळला म्हणून आख्खी टीम बाद. चेंडूला पाय न लावता भीमरावाला कप. माझी पोरं बूट घालून ओळीने गवतावर बसली होती. एकाने विचारलं, “मामाजी, हम हार गए क्या?” मी भीमरावाला भर मैदानात चोर म्हटलं, हातघाईवर आलो, लोकांनी धरलं.

बड्या बाजारातून येताना मी दत्तूचा हात धरला, त्याने सोडवला. घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून निजला आहे. तू हे त्याच्यासाठी केलंस असं म्हणशील. त्याच्यासाठी! त्याच्या जन्माची

अंबिका हाका मारते आहे.


झाशी, सीपरी
३ ऑक्टोबर

श्रीमती सरलाताई यांस,
सादर नमस्कार.

सोमवारी सकाळी प्लॅटफॉर्मवर मी तुम्हाला डब्यातून उतरूच दिलं नाही. “उतरू नका, याच गाडीने ग्वाल्हेर गाठा, दत्तू तिथे आहे,” एवढंच सांगता आलं आणि गाडी हलली. तुम्ही खिडकीतून “जिवंत आहे ना?” विचारलंत तेव्हा मी मान हलवली, पण खरं सांगायचं तर मला ठाऊक नव्हतं. सोमवारीच ऑपरेशन झालं, रक्त काढलं आणि पोर वाचलं, हे श्रीकृष्ण परतला तेव्हा कळलं. अंबिकावहिनींनी माणूस पाठवून निरोप दिला.

रविवारचं राहिलेलं सांगतो, कारण श्रीकृष्ण ते स्वतःच्या तोंडाने तुम्हाला सांगणार नाही. दिवेलागणीला माझ्या दारावर धक्के. उघडतो तो श्रीकृष्ण, खांद्यावर पोर, पायांत चपला नाहीत. दुपारी मला मारायला उठलेला माणूस. म्हणाला, “भीम्या, याला झटके आले. इस्पितळात दाखवलं. डॉक्टरने डोळ्यांत बॅटरी मारली आणि म्हणतो, आत्ताच्या आत्ता ग्वाल्हेर. गाडी कुठली आहे?” मी बूटही न घालता स्टेशनवर गेलो. प्लॅटफॉर्मवर मेल उभी होती. गार्ड ओळखीचा, त्याच्या डब्यात दोघांना बसवलं. एवढंच मी केलं.

आता माझं. तुमचं पत्र सोमवारी दुपारी मिळालं. तुम्ही माफी मागता, त्याची मला लाज वाटली. दत्तूच्या बारशाला मी तुमच्याकडे जेवलो आहे, पासष्ट सालच्या पावसाळ्यात. तो नऊचा आहे हे मला पक्कं माहीत होतं. तार हातात आली तेव्हा ‘हिने असं का लिहिलं’ हा विचार मला यायला हवा होता. नाही आला. मला आनंद झाला, ताई. रात्रभर तार उशीखाली ठेवली. पोर टेबलापुढे “नौ” म्हणालं तेव्हाही मी मान खाली घालून उभा राहिलो.

कप कपाटात आहे. माझी पोरं तो बघायलाही येत नाहीत. काय करू ते लिहा. खरं सांगायचं तर तुमचं नाव येतं. कोर्स संपला की तुम्हाला सरकारी नोकरी लागायची, खोटं लिहून दिलं म्हणून उद्या कुणी काही काढलं तर?

भीमराव


ग्वाल्हेर
६ ऑक्टोबर

दादा,

तू बुधवारी गेलास तेव्हा मी तुझ्याकडे पाहिलं नाही. ‘जा’ एवढंच म्हणाले. वहिनींनी तुझं अर्धवट पत्र तुझ्या धुतलेल्या सदऱ्यांबरोबर बांधून इथे पाठवलं. तू निघाल्यावर ते मिळालं, सदरे अजून माझ्याकडेच आहेत. पत्र वाचलं. भांडायला माझ्याकडे वेळ नाही आणि ताकदही नाही.

दत्तूची प्रकृती लिहिते. उजव्या बाजूला कवटीला दोन भोकं पाडली, काळं रक्त निघालं. डॉक्टर म्हणतात, आणखी काही तास गेले असते तर बोलायला नको. डाव्या हाताची बोटं हलतात, पण वाटी धरवत नाही. येईल म्हणतात, सावकाश. फुटबॉल नाही. किती वर्षं, तर त्यांनी हात हलवून दाखवला, की विचारूच नका.

हे सगळं मी सोसते आहे. जे सोसवत नाही ते लिहिते. शुद्धीवर आल्यावर त्याने मला पाहिलं आणि विचारलं, “मामा कुठे आहेत?” मी म्हटलं, झाशीला. मग म्हणाला, “मी नऊचाच आहे ना?” मी म्हटलं, हो राजा. “मग तू सबके सामने झूठ क्यों कहा?” मी समजावलं, की तुला लागलं होतं, तू खेळला असतास तर... तो म्हणाला, “मामा म्हणाले मी ठीक आहे.” त्यानंतर चार दिवस तो माझ्याशी हो आणि नाही एवढंच बोलतो. माझ्या हातून पाणी घेत नाही, सिस्टर आली की तिच्याकडून घेतो. त्याला मी खोटारडी वाटते, आणि आहेच. तू त्याचा देव आहेस.

मी त्याला तुझ्याबद्दल वाईट सांगू शकते. सांगायचं नाही मला. आणि सांगितलं तरी तो मानणार नाही.

म्हणून तू ये. तूच त्याला सांग.

भीमरावांना मी लिहिलं आहे, की सगळं खरं सांगा आणि माझं नाव घ्या. कमिटीलाही माझ्या सहीचं पत्र गेलं आहे. नोकरीचं होईल ते होईल.

सरला


झाशी
९ ऑक्टोबर

चि. सरला,

रविवारी सकाळच्या पॅसेंजरने येतो.

काल गोपाळरावांच्या घरी कमिटी बसली. तुझं पत्र त्यांनी वाचायला घेतलं. मी म्हटलं, थांबा, आधी माझं ऐका. पोरांनाही मी बोलावलं होतं, बाहेरच्या ओसरीवर बसली होती. त्यांना आत घेतलं. मी सांगितलं, दत्तूच्या डोक्याला लागलं होतं हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी लपवलं. त्याच्या आईने विचारलं तेव्हा गुडघा सांगितला. माझ्यामुळे तिला खोटं बोलावं लागलं. दत्तू नऊचा आहे, तुमच्यातल्या कुणी फसवलेलं नाही.

तुझ्याबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. पोरांमधला सर्वात लहान आहे, त्याने मला विचारलं, “मामाजी, मला लागलं असतं तरी तुम्ही सांगितलं नसतं का?” त्याचे वडील शेजारीच उभे होते. त्यांनी त्याचा हात धरला आणि घेऊन गेले.

भीमराव आला होता. तोही उठून बोलला. या वर्षी विजेता कुणीच नाही असं ठरलं. आणि मुलांच्या कुठल्याही क्लबात मला काम नाही, हेही ठरलं. माझ्या समोरच ठरलं. मी सही केली.

त्या सगळ्यांसमोर बोललो, तेव्हा वाटलं होतं आता दत्तूशी बोलणं सोपं जाईल. कालपासून मनात वाक्यं जुळवतो आहे, जुळत नाहीत. अंबिका माझ्याशी फारसं बोलत नाही. पाकिटात तिने लिहिलं होतं हे तिनेच मला सांगितलं, आणि म्हणाली, पुन्हा लिहीन.

श्रीकृष्ण


ग्वाल्हेर
१३ ऑक्टोबर, रविवार संध्याकाळ

ती. वहिनींस,
नमस्कार.

दादा दुपारी पोचला. तुम्ही दिलेले बेसनाचे लाडू घेऊन आला आणि दारातच उभा राहिला. दत्तूने पाहिलं आणि सगळा चेहरा फुलला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

मी बाहेर जायला निघाले, तर दादा म्हणाला, “थांब. तुझ्यासमोर.”

खाली बसला, पलंगाच्या बरोबरीला. म्हणाला, “दत्तू, तुझी आई म्हणते ते खरं आहे. तुझ्या डोक्याला लागलं होतं. तू पडलास, डोळे मिटून पडला होतास. मी पाहिलं होतं.”

दत्तू म्हणाला, “मग तुम्ही म्हणालात मी ठीक आहे?”

“खोटं बोललो.”

“का?”

“मला जिंकायचं होतं.”

दत्तूने छताकडे बघत विचारलं, “आईने तार केली नसती, तर तुम्ही मला खेळायला लावलं असतं?”

वहिनी, मला वाटलं आता दादा काहीतरी पळवाट काढेल. दादा म्हणाला, “हो. लावलं असतं.”

दत्तूने तोंड फिरवलं. दादा त्याच्या पायाला हात लावायला गेला, त्याने पाय ओढून घेतला. उजवा झटकन ओढला, आणि डावा सावकाश, पण ओढला. दादाने ते पाहिलं. मग उठून बाहेर गेला.

खोलीत आम्ही दोघंच. खिडकीबाहेर कुणीतरी बादली घासत होतं, तो आवाज मी ऐकत बसले. अर्धा तास गेला असेल. भिंतीकडे तोंड ठेवूनच तो म्हणाला, “आई, पाणी.”

मी पेला धरला. डावा हात त्याने स्वतःच उचलून पेल्याला लावला. अर्धं पाणी चादरीवर सांडलं. अर्धं प्याला.

दादा बाहेर बाकावर बसला आहे. संध्याकाळची गाडी गेली, तो उठला नाही आणि मीही त्याला जा म्हटलं नाही. चहा नेऊन दिला. त्याने पेला घेतला आणि वर पाहिलं नाही. दत्तूने आत्ताच विचारलं, “मामा गए क्या?” मी म्हटलं, नाही, आहेत. त्याने पुन्हा एकदा दाराकडे बघून घेतलं.

तुमची ती पेन्सिलची चार वाक्यं नसती, तर आज मी हे पत्र लिहीत नसते. त्याबद्दल मी काय म्हणू.

दोन-तीन दिवस दादाला इथेच ठेवून घेते. त्याच्या कचेरीत रजेचा अर्ज पाठवून द्या.

तुमची,
सरला